थंडीत सायकल चालवताना डोकं आणि कान कसे सांभाळावेत

जानेवारीत पुण्या-नाशकाकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि अख्ख्या रात्रीचं सर्वांत कमी तापमान साधारण त्याच सुमारास असतं. सहाला सायकल काढली की पहिला तासभर गारठा वाढतच जातो. घरातून निघताना जेवढी थंडी वाटली, तेवढ्याच तयारीने बाहेर पडलेल्यांचे कान म्हणूनच वाटेत दुखायला लागतात. नदीकाठचा आणि सखल रस्ता असेल तर आणखी लवकर, कारण गार हवा जड असते आणि खोलगट जागी साठते.

त्यात सायकलचा स्वतःचा वारा. तापमान ८ अंश आणि वेग ताशी २५ किलोमीटर असला, तर उत्तर अमेरिकेत वाऱ्याचा गारठा मोजायला वापरतात त्या सूत्राप्रमाणे उघड्या कातडीला ती हवा साधारण ४ अंशांची वाटते. उतारावर ताशी ४० चा वेग पकडला की ३ अंशांची. कानाच्या वरच्या भागात चरबी जवळपास नसतेच, कूर्चेवर नुसती पातळ कातडी असते. पहिला फटका तिथेच बसतो आणि त्यानंतर कपाळाला.

डोक्याचं गणित मात्र वेगळं आहे. शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा हिस्सा, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. उलट पॅडल मारताना डोक्याला भरपूर घाम येतो. जाड टोपीखाली तो साठतो, टोपी भिजते आणि वारा लागला की तीच टोपी डोकं गार करते. म्हणून कानाला वारा लागू द्यायचा नाही आणि डोक्यावर घाम साठू द्यायचा नाही, अशी दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात.

हेल्मेटच्या आत माकडटोपी घालू नका. जाड विणीमुळे हेल्मेट डोक्यावर वर उचललं जातं, हलायला लागतं आणि पडताना जागेवरून सरकतं. शिवाय हाताने विणलेल्या लोकरीच्या टाक्यांतून ताशी २५ चा वारा आरपार जातो, म्हणजे ज्यासाठी टोपी घातली तेही साधत नाही. मफलरची अडचण वेगळी. हनुवटीखालच्या गाठीवर हेल्मेटचा पट्टा नीट बसत नाही आणि सुटलेलं टोक चाकात जाऊ शकतं. मफलर घ्यायचाच असेल तर गळ्याभोवती, दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोचून.

हेल्मेटखाली २ ते ३ मिलिमीटरपेक्षा जाड काही नको. १२ अंशांच्या वर कान झाकणारा बफ, म्हणजे गळ्यात किंवा डोक्यावर घालायची ताणणाऱ्या पातळ कापडाची नळी, पुरतो. ८ ते १२ अंशांत पातळ फ्लीसचा हेडबँड घ्यावा, म्हणजे कान आणि कपाळ झाकलं जातं आणि टाळू मोकळी राहते. ८ अंशांच्या खाली कान झाकणारी स्कल कॅप, म्हणजे डोक्याला चिकटून बसणारी पातळ टोपी, शक्यतो मेरिनो लोकरीची किंवा पॉलिस्टरची. टक्कल असलेल्यांनी एक पायरी आधीच टोपीवर यावं. सुती रुमाल नकोच. सूत घाम धरून ठेवतं आणि लवकर वाळत नाही.

टोपी घातल्यावर हेल्मेट नव्याने बसवावं लागतं, आणि नेमकं हेच बहुतेक जण करत नाहीत. हेल्मेटचा घेर आवळायची मागची डायल दोन-तीन खटके सैल करा, हेल्मेट सरळ बसवा, मग पुन्हा आवळा. पुढची कड भुवईच्या वर दोन बोटांवर यायला हवी. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीखाली इंग्रजी व्हीसारखे जुळावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटंच जावीत. आता पट्टा न लावता मान जोरात हलवून पाहा. हेल्मेट घसरलं तर बसवणी चुकली. डायल पूर्ण सैल करूनही कपाळावर दाब येत असेल तर टोपी जाड आहे, ती बदला.

हेडबँड घरी शिवता येतो, आणि मापाचा शिवलेला बँड बाजारातल्या सरसकट मापापेक्षा जास्त चांगला बसतो. जुन्या पातळ फ्लीस जॅकेटचं किंवा आतून मऊ असलेल्या थंडीच्या लेगिंगचं कापड घ्या. कपाळावरून आणि कानांवरून डोक्याचा घेर मोजा. समजा तो ५६ सेंटिमीटर भरला. बँड ताणून बसायला हवा म्हणून ६ कमी करा आणि शिवणीसाठी २ वाढवा. ५२ सेंटिमीटरची पट्टी कापायची. कापड ज्या दिशेने जास्त ताणतं ती दिशा लांबीला यायला हवी, नाहीतर बँड डोक्यात जाणार नाही.

पट्टीची वरची कड सरळ ठेवा. खालची कड मध्यभागी, म्हणजे कपाळावर, ६ सेंटिमीटर रुंदीवर ठेवा. मध्यापासून दोन्हीकडे साधारण १२ ते १३ सेंटिमीटरवर कान येतात. तिथे रुंदी खालच्या बाजूने हळूहळू ११ पर्यंत वाढवा आणि मागे पुन्हा ७ वर आणा. अशाने पाळीपर्यंत कान झाकतो आणि वर हेल्मेटमध्ये कापडाचा गोळा होत नाही. जोड मागे घ्या आणि झिगझॅग टाक्याने शिवा. साधी सरळ शिवण पहिल्यांदा ताणली की तुटते. शिवण दोन्हीकडे उघडून सपाट दाबा. तिथेच डायल टेकते, आणि जाड शिवण असली तर तासाभरात डोकं दुखायला लागतं.

हेल्मेटच्या पुढच्या भोकांकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. ती उन्हाळ्यासाठी असतात. समोरची दोन-तीन भोकं बाहेरून रुंद टेपने बंद करा, किंवा पुढच्या अर्ध्या भागावर शॉवर कॅप चढवा. मागची भोकं उघडीच राहू द्या, म्हणजे वाफ निघून जाते. टेपचा चिकटा काढायला पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, हेल्मेटचं कवच आणि आतला फोम दोन्ही खराब होतात. साबणाचं कोमट पाणी पुरतं.

घाटात सगळी अडचण उलटी होते. सिंहगडाचा चढ ताशी ८-१० ने चढताना वारा नसतो, फक्त घाम असतो. उतरताना तेच ओलं डोकं ताशी ४० च्या वाऱ्यात जातं. म्हणून पायथ्याशीच बँड किंवा टोपी काढा आणि झिप लावायच्या प्लास्टिक पिशवीत घालून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा. पिशवी हवीच, कारण पाठीचा घामही खिशात उतरतो. वर पोचल्यावर लगेच हेल्मेट काढून केस आणि कानांमागची जागा कोरड्या पंच्याने पुसा, कोरडी टोपी घाला, मग चहा घ्या. चहा आधी घेतला तर तोवर डोकं गार पडलेलं असतं. सकाळी केस धुऊन निघायचं असेल तर ते पूर्ण वाळल्याशिवाय निघू नका. लांब केसांची वेणी किंवा पोनी मानेजवळ खाली बांधा, डायलखालून ती सहज निघते.

चष्म्याच्या काड्या बँडच्या बाहेरून घ्या. आतून घेतल्या तर त्या कानाच्या मुळाशी रुततात. बफ नाकावर ओढला की श्वासाची वाफ वर जाऊन काचा धुरकट होतात, म्हणून तो नाकाच्या खाली, ओठांपर्यंतच ठेवा.

झाकलेल्या कानांना मागून येणारं वाहन थोडं उशिरा ऐकू येतं. म्हणून कानावर कापडाचा एकच थर असावा, आत इअरफोन अजिबात नको, आणि वळण्याआधी मान वळवून बघायची सवय हवी. वाऱ्याचा आवाज मात्र बँडमुळे कमी होतो, हा फायदाच.

टोपी दर फेरीनंतर धुवा. मेरिनो असेल तर दोन-तीन फेऱ्या चालते. गार पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं. पॉलिस्टरला फॅब्रिक सॉफ्टनर लावला तर कापड घाम शोषून बाहेर टाकेनासं होतं. लोकर गरम पाण्यात आटते.

कान आधी ठणकतो, मग बधिर होतो. बधिर वाटला की थांबा, हातमोजे काढून उबदार तळवे कानांवर धरा. चोळू नका. महाराष्ट्रात एवढ्यावर भागतं. पण मनाली-लेह करणाऱ्यांनी जास्त सावध राहावं, कारण सुमारे ५,३०० मीटरवरच्या तंगलंग लासारख्या खिंडीत उन्हाळ्यातही पारा शून्याखाली जाऊ शकतो. तिथे कान पांढरट, मेणासारखा दिसायला लागला आणि संवेदना परत येत नसेल तर तो हिमदंश असू शकतो. शेकोटीवर शेकू नका. बधिर कानाला भाजल्याचं कळत नाही. खिंडीवरून खाली उतरा, आडोशाला जा, अंगाच्या उबेने कान गरम करा आणि लगेच डॉक्टर गाठा.