मोसंबीच्या सालींनी पाण्यातलं तांबं कसं उतरवायचं

ज्यूस सेंटरवाल्याला सांगून ठेवलं की पोतंभर साली फुकट मिळतात. सालींऐवजी जलपर्णी घ्यावीशी वाटेल, पण ती नको. मुळा-पवनेतल्या जलपर्णीने नदीतले धातू आधीच शोषलेले असू शकतात.

साली बारीक चिरून गरम पाण्यात धुवा, धुवणाचा पिवळेपणा जाईपर्यंत. इथे आळस केला तर तांबं उतरेल, पण पाण्याचा सीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचं माप) चढेल. ६० अंशांना कडकडीत वाळवून मिक्सरमधून काढा आणि अर्धा ते एक मिलिमीटरची भरड चाळून घ्या. पीठ झालं की गाळणकागद तुंबतो.

आता चुना. १०० ग्रॅम भरड, २ लिटर पाणी, २० ग्रॅम विरवलेला चुना; रात्रभर ढवळत ठेवा. पीएच १२ च्या खाली घसरला तर चुना थोडा वाढवा. चुन्याने सालीतल्या पेक्टिनवरचे (फळांतला चिकट पदार्थ) मिथाइल गट सुटतात, तिथे कॅल्शियम बसतं आणि पुढे तांबं त्याला उठवून ती जागा घेतं. कॉस्टिक सोड्यानेही गट सुटतात, पण पेक्टिन विरघळून सगळं बुळबुळीत होतं.

नंतरच्या धुण्यात हात आखडता घेऊ नका. धुवणाचा पीएच ७ च्या आसपास यायलाच हवा. चुना उरला तर पुढच्या चाचणीत पीएच ६ च्या वर जातो, तांबं हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसतं आणि आपण सालीचं कौतुक करत राहतो. म्हणून शेजारी दुसरं बीकर हवंच: तेच पाणी, तोच पीएच, भरड नाही.

लिटरला ५० मिलिग्रॅम तांबं असलेलं १ लिटर पाणी घ्या, पीएच ५ करा, ५ ग्रॅम भरड टाकून दोन तास ढवळा. पहिला अर्धा तास दर दहा मिनिटांनी पीएच बघा, ५.५ ओलांडला तर सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे थेंब. नमुना आधी गाळा, मगच त्यात नायट्रिक आम्ल घाला. उलटं केलं तर कणांवरचं तांबं परत पाण्यात येतं आणि प्रयोगशाळेचा आकडा फुगतो.

भोसरीकडच्या प्लेटिंगचं (धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्याचं) पाणी असेल तर आधी सायनाइड तपासा. सायनाइडच्या पाण्यात आम्ल पडलं की विषारी वायू सुटतो, शिवाय सायनाइडने धरलेलं तांबं साल ओढत नाही. प्लेटिंगच्या पाण्यात सहा-संयुजी क्रोमियम (विषारी धातुरूप) असेल तर त्याचं गणितच वेगळं, त्याला पीएच २ च्या आसपास लागतो.

वापरलेली भरड कंपोस्टमध्ये टाकू नका. ती घातक कचरा आहे; रांजणगावच्या सामायिक प्रक्रिया केंद्राकडे रीतसर पाठवा. आणि हे पाणी पिण्यासाठी नाही.