कुरडईच्या चिकापासून बेने इस्राएलांचा हलवा

आमच्या विदर्भात गव्हाचा चीक निघतो तो उन्हाळी कुरडयांसाठी. पण मूळचे कोकणातले मराठी भाषक ज्यू, म्हणजे पूर्वी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्राएल, त्याच चिकाचा हलवा रोश हशानाला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येणाऱ्या आपल्या नववर्षाला करतात.

गहू 3 दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून गाळावेत आणि चीक रात्रभर बसल्यावर वरचे आंबूस पाणी ओतून द्यावे. घट्ट चीक 1 वाटी, नारळाचे दूध 3 वाट्या, साखर 1 वाटी आणि चिमूटभर मीठ गाठी मोडून एकत्र करावे. गाईचे दूध मात्र घालू नये, कारण ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही आणि सणाच्या जेवणात बहुधा मांस असते. मंद आचेवर न थांबता ढवळावे. माझ्या पहिल्या खेपेस दाराशी कोणी आले म्हणून हात थांबला आणि तळ करपला. मिश्रण चकचकीत होऊन कडा सोडू लागले की वेलची घालून ताटात थापावे, वर बदामाचे काप दाबावेत आणि पूर्ण निवल्यावरच वड्या पाडाव्यात.