स्पॅम अडवा, पण परचेस ऑर्डर गिळू नका

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला दहा स्पॅम आत आले म्हणून कोणी फारसं बोलत नाही, पण क्लायंटची एक परचेस ऑर्डर जंकमधे गेली की साहेब थेट टेबलापाशी येऊन उभे राहतात (माझ्यावर आलीय ही वेळ, ऑर्डर चार दिवस तिथे पडून होती). त्यामुळे आधीच ठरवून टाका, थोडा स्पॅम निसटला तरी चालेल पण चांगला मेल अडकता कामा नये.

स्वस्तातल्या तपासण्या पहिल्या. कनेक्शन आल्या आल्या आयपी ब्लॉकलिस्ट (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची काळी यादी) बघायची, स्पॅमहाउस या संस्थेची झेन नावाची यादी बरेच जण लावतात, बराच कचरा दारातच कटतो आणि मजकूर तपासायचा सीपीयू वाचतो. पण इथे एक खड्डा आहे. ही यादी डीएनएसमधून (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) विचारली जाते, आणि सर्व्हरचा डीएनएस ८.८.८.८ वर, म्हणजे गूगलच्या सगळ्यांना खुल्या सेवेवर असेल तर स्पॅमहाउस अशा पब्लिक रिझॉल्व्हरला खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा एरर कोड देतं, आणि तुमच्या कॉन्फिगमधे "काहीही उत्तर आलं म्हणजे आयपी लिस्टमधे आहे" असं असेल तर संपलंच, सगळ्या जगाचे मेल बाद! स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर, म्हणजे अनबाउंडसारखा प्रोग्राम, चालवा आणि १२७.०.० ने सुरू होणारी उत्तरंच खरी धरा.

मजकुराच्या पातळीवर मात्र एकट्या नियमाच्या हातात फाशीचा दोर देऊ नका, प्रत्येक नियमाचे संशयाचे गुण जमवत जा. स्पॅमअ‍ॅसासिन हे स्पॅम ओळखणारं सॉफ्टवेअर बाय डिफॉल्ट ५ गुणांवर स्पॅम म्हणतं. त्यातच एक नियम होता, तारीख फार पुढच्या काळातली असेल तर गुण वाढवणारा, आणि "पुढचा काळ" म्हणजे २०१० पासून असं त्यात लिहून ठेवलेलं! १ जानेवारी २०१० ला उजाडलं आणि प्रत्येक मेलला फुकटचे तीनेक गुण चिकटले. तरी ५ ची रेष होती म्हणून बरेच मेल वाचले, तो एकटाच नियम निकाल लावणारा असता तर काय झालं असतं बघा. एसपीएफचंही (मेल परवानगी असलेल्या सर्व्हरवरून आला का, ही तपासणी) तेच, मेल कोणी फॉरवर्ड केला की एसपीएफ फेल होतो, मेलिंग लिस्टने सब्जेक्टमधे काही जोडलं की डीकेआयएमची (मेल वाटेत बदलला नाही हे दाखवणारी) सही तुटते, आणि माणूस बिचारा खराच असतो. थोडे गुण द्या, हाकलू नका.

बेझियन फिल्टर (शब्दांच्या आकडेवारीवरून स्पॅम ओळखणारा) शिकवताना स्वतःच्या ऑफिसचेच मेल द्या. प्रोग्रामर पॉल ग्रॅहमने २००२ मधे जी पद्धत मांडली त्यात चांगल्या मेलमधले शब्द मोजताना आकडा दुप्पट धरला होता, मुद्दाम, चुकून चांगला मेल अडकू नये म्हणून. स्पॅमअ‍ॅसासिनचं बेझ २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय कामालाच लागत नाही, आणि लोक स्पॅम हौसेने भरतात पण चांगले मेल द्यायला आळस करतात. मराठी मेल येत असतील तर तेही घाला. स्वतः पायथनमधे लिहित असाल तर साध्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुरात नमुने शोधायची पद्धत) "शब्द" खुणेवर विसंबू नका, ती काना-मात्रा-वेलांटी अक्षरात धरत नाही, "मराठी"चे तुकडे होतात आणि फिल्टर भलतंच शिकतो. स्पेस आणि विरामचिन्हांवर तोडा, सरळ काम आहे.

नवीन फिल्टर पहिले दोन आठवडे फक्त हेडर (मेलच्या माथ्यावरची निशाणी) लावू दे, अडवू देऊ नका, रोज सकाळी चहा घेता घेता निशाणी लागलेले मेल चाळा, कुठला नियम उगाच गुण देतोय ते लगेच दिसतं. मग ५ च्या वरचे जंकमधे टाका आणि १५ च्या वरचे नाकारा, पण नाकारायचे ते एसएमटीपी (दोन सर्व्हरमधली मेल देण्याघेण्याची बोलणी) चालू असतानाच ५५० हा नकाराचा कोड देऊन. मेल स्वीकारून गुपचूप डिलीट करणं हा सगळ्यात वाईट प्रकार, पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, घेणाऱ्याला पत्ताच नाही. ५५० च्या मेसेजमधे ऑफिसचा फोन नंबर घालून ठेवा, म्हणजे खरा माणूस अडकला तर बाउन्स (नकाराचा परत आलेला मेल) वाचून फोन तरी करेल.