एम ९१ बघताय? या चुका टाळा

एम ९१ म्हणजे अरुंधती केश तारकासमूहात दिसणारी, कन्या दीर्घिकासमूहातली दंडयुक्त (मध्यातून ताऱ्यांचा सरळ पट्टा गेलेली) सर्पिल दीर्घिका. तिच्या नावाने भलतीच दीर्घिका वहीत लिहिणारे दर हंगामात भेटतात.

या समूहात हजाराहून अधिक दीर्घिका आहेत. तरी पहिला धूसर डाग दिसला की नोंद करायची घाई! मीही ती केली आहे. एम ८४ आणि एम ८६ पासूनची माळ धरून ईशान्येला सरकलो, लांबट डाग दिसला आणि रेखाटनात ठसठशीत दंड काढला. ती होती एम ८८, जी कललेली असल्यामुळे लांबट दिसते. मनाने आधीच ठरवलेलं हाताने काढलं होतं. ते पान मी मुद्दाम ठेवलं आहे.

ज्यांच्या यादीवरून हे 'एम' क्रमांक आले, ते फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिए खुद्द इथे चुकले. मार्च १७८१ मध्ये त्यांनी एम ९१ ची जागा मोजली एम ५८ पासून, पण मांडली एम ८९ पासून. तिथे काहीच नाही. १९६९ मध्ये विल्यम्स या हौशी निरीक्षकाने ही गफलत उलगडेपर्यंत एम ९१ हरवलेलीच मानली जायची.

म्हणून माझी सवय अशी. कमी वर्धनाचा आयपीस लावून आधी एम ८८ पक्की करायची, ती मधोमध आणायची आणि दुर्बिणीची मोटर बंद करायची. आकाश सरकत राहतं आणि साधारण साडेतीन मिनिटांनी, किंचित उत्तरेकडून, एम ९१ तिथून जाते. आरशाने डावं-उजवं उलटं केलं तरी फरक पडत नाही. गो-टूवर (दुर्बीण आपोआप लक्ष्याकडे वळवणाऱ्या यंत्रणेवर) विसंबणाऱ्यांनाही मी हेच करायला लावतो. यंत्र अर्धा अंश चुकलं तरी इथे समोर कुठली तरी दीर्घिका येतेच, आणि चूक कळत नाही.

तेजोमेघांचे फिल्टर काढून ठेवा, दीर्घिकेला त्यांचा उपयोग नाही.

चंद्र असताना प्रयत्नच नको.

छायाचित्रातल्या भुजा शोधू नका. काळ्या आकाशात, तिरक्या नजरेने, लांबट मध्यभाग जाणवला तरी पुष्कळ झालं.

कागदावरची एक चूक मात्र फार पसरली आहे: वेगावरून अंतर काढणं. एम ९१ सेकंदाला ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने दूर जाते. हबलच्या नियमात (दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग जास्त) हा आकडा घातला की अडीच कोटी प्रकाशवर्षांच्या आतलं उत्तर येतं, प्रत्यक्षात ती पाच कोटींच्या पलीकडे आहे. समूहाच्या गुरुत्वामुळे सदस्यांना स्वतःचे मोठे वेग असतात. त्याच समूहातली एम ८६ तर आपल्याकडे येते आहे.