क्रिप्टोमधे सब-अकाउंट कसं वापरायचं: पैसे वेगळे, टॅक्स मात्र एकच

आयटी पार्कच्या टपऱ्यांवर तर्री-पोहे खाता खाता पोट्टे आजकाल बिटकॉइनचे चार्ट पाहून राहिले असतात, अन् बहुतेकांचं सगळं एकाच खात्यात पडून असते. लांबच्या मुदतीसाठी घेऊन ठेवलेलं बिटकॉइन, रोजचं ट्रेडिंग, फ्युचर्स (थोडे पैसे तारण ठेवून भाव चढेल की पडेल यावर केलेला सौदा), कोण्या बॉटला (आपोआप ट्रेड करणाऱ्या प्रोग्रामला) चालवायला दिलेले पैसे, सगळं एकत्र. मग फ्युचर्सचा एक ट्रेड उलटा गेला की ठेवणीतलं पण त्याच्यासोबत जाते. हे थांबवायचं असेल तर सब-अकाउंट उघडा, म्हणजे तुमच्याच मेन खात्याखालचं पण पैसे वेगळे ठेवणारं पोटखातं.

आधी हे समजून घ्या की नुकसान होते काहून. समजा तुमच्या फ्युचर्स वॉलेटमधे 2000 यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं कॉइन) आहेत अन् तुम्ही मनाशी ठरवलं की या ट्रेडमधे 200 च्या वर घालवायचे नाही. या 200 वर 10 पट लिव्हरेज (आपल्या पैशाच्या कितीतरी पट मोठा सौदा करायची सोय) घेतलं म्हणजे पोझिशन, म्हणजे चालू सौदा, झाली 2000 ची. मार्जिन (ट्रेडसाठीचं तारण) क्रॉसवर, म्हणजे वॉलेटमधले सगळेच पैसे तारण, असं असलं तर भाव 10 टक्के पडला तरी ट्रेड बंद होत नाही, कारण बाकीचे 1800 त्याला टेकू देऊन राहिले असतात, भाव 30 टक्के पडेपर्यंत 600 गेलेले असतात. अन् ज्या प्लॅटफॉर्मवर युनिफाइड खातं (सगळ्या ट्रेडिंगचं एकच खातं) आहे तिथं तर स्पॉटमधलं, म्हणजे थेट विकत घेतलेलं, बिटकॉइनही तारण धरल्या जाऊ शकते. आता हाच ट्रेड अशा सब-अकाउंटमधून करा ज्याच्यात फक्त 200 च टाकलेत. मार्जिन क्रॉस असो की आयसोलेटेड (त्या एका ट्रेडपुरतंच तारण), 200 संपले की विषय संपला, मेन खात्याला हात लागत नाही. (आयसोलेटेडनं पण हे जमते, पण घाईत मोड बदलायचा राहून जातो, खात्यात पैसेच नसले तर जाणार कुठून.)

उघडायला काही अवघड नाही. मेन खात्याचं केवायसी झालेलं पाहिजे, टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरा कोड) चालू पाहिजे, मग प्रोफाइलमधे सब-अकाउंटचा पर्याय असते. काही प्लॅटफॉर्म तो सगळ्यांना देतात, काही ठिकाणी ट्रेडिंगचा व्हॉल्यूम किंवा कंपनीचं खातं लागते, ते तेवढं बघून घ्या. सबसाठी वेगळा ईमेल मागतात, नाहीतर प्लॅटफॉर्मच एक व्हर्च्युअल ईमेल बनवून देते. नाव मात्र कामाचं द्या, फ्युचर्स, बॉट, स्विंग (काही दिवस धरून ठेवायचे ट्रेड) असं, नाहीतर काही महिन्यांनी सब1 अन् सब2 मधे काय होतं ते आठवत नाही. माझ्या मते सुरुवातीला दोनच पुरे, एक फ्युचर्सचं अन् एक बॉटचं, मेन खातं फक्त ठेवणीसाठी अन् तिथून ट्रेड करायचाच नाही.

मेनमधून सबमधे पैसे टाकायला इंटर्नल ट्रान्सफर वापरा. ते ब्लॉकचेनवर जातच नाही म्हणून लगेच होते अन् साधारण फी लागत नाही. सबचा डिपॉझिट ॲड्रेस वेगळा असू शकते, बाहेरून थेट तिथं पाठवायचं असेल तर नेटवर्क (कॉइन ज्या ब्लॉकचेनवरून जाते ते) तेच आहे ना हे दोनदा बघा अन् आधी छोटी रक्कम पाठवा. बऱ्याच ठिकाणी सबमधून थेट विड्रॉल करता येत नाही, आधी मेनमधे आणावं लागते, अन् हे चांगलंच आहे.

आता एपीआय कीचं, म्हणजे बॉटला तुमच्या खात्यातून ट्रेड करू देणाऱ्या गुप्त किल्लीचं, इथं लक्ष द्या. बॉटसाठी की बनवताना ती सबमधेच बनवा, विड्रॉलची परवानगी बंद ठेवा अन् बॉट जिथून चालते तो आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) व्हाइटलिस्ट करा, म्हणजे की फक्त तिथूनच चालेल. बरेच जण म्हणतात विड्रॉल बंद आहे मग काय होणार. होते ना भाऊ. ज्याच्याकडे फक्त ट्रेडची परवानगी आहे तो तुमच्या खात्यातून एखादं फारसं कोणी न घेणारं कॉइन चढ्या भावात विकत घेतो, अन् विकणारा तोच असते, दुसऱ्या खात्यातून. पैसे बाहेर काढले नाहीत, तरी तुमचे गेले. म्हणून टेलिग्रामवर कोणी म्हटलं, एपीआय की द्या, महिन्याला पक्कं रिटर्न देतो, तर देऊच नका. फसवणूक झालीच तर आधी मेनमधून ते सब फ्रीझ करा, की डिलीट करा अन् 1930 वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावा.

टॅक्समधे मात्र सब-अकाउंटनं काहीच वेगळं होत नाही. नागपूरच्या इतवारीतल्या व्यापाऱ्याची दोन दुकानं असली की गल्ले दोन पण पॅन एकच, तसंच हे. 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के टॅक्स आहे अन् एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. समजा स्पॉटमधे एका सबनं 1,00,000 कमावले अन् दुसऱ्यानं 80,000 घालवले. हातात राहिले 20,000, पण टॅक्स पूर्ण लाखावर, 30,000 अन् वर 4 टक्के सेस, म्हणजे 31,200. खिशातून 11,200 गेले! तोटा पुढच्या वर्षी पण नेता येत नाही. म्हणून सब उघडताना किती स्ट्रॅटेजी एकाच वेळी चालवायच्या याचा विचार पैशाइतकाच टॅक्ससाठी करा. मेन अन् सबमधली ट्रान्सफर म्हणजे विक्री नाही, मालक तोच आहे, पण तिची नोंद ठेवा, नाहीतर खरेदीचा भाव शोधताना सीए पण वैतागतो.

मामाचे किंवा मित्राचे पैसे आपल्या सबमधे टाकून चालवून द्यायचे, हे करूच नका. केवायसी तुमचं, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या लेखी पैसे तुमचे अन् नोटीस पण तुम्हालाच. आपल्याच दोन सबमधे एकमेकांना विकून व्हॉल्यूम वाढवणं पण नाही, त्याच्यानं सगळी खाती एकदम बंद होऊ शकतात.

अन् प्लॅटफॉर्मच बुडाला तर सब काही वाचवत नाही. जुलै 2024 मधे वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवरून सुमारे 23 कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले अन् सगळ्यांचेच विड्रॉल थांबले. ठेवणीतली रक्कम मोठी असेल तर हार्डवेअर वॉलेटमधे (कॉइनची किल्ली आपल्याच हातात ठेवणारं छोटं उपकरण) हलवा अन् प्लॅटफॉर्म एफआययू-इंडियाकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) नोंदलेला आहे का ते बघा.

एखादं सब बंद करायचं असेल तर आधी त्याची पूर्ण ट्रेड हिस्ट्री सीएसव्हीमधे डाउनलोड करा, ओपन ऑर्डर रद्द करा, एपीआय की काढा, शिल्लक मेनमधे आणा अन् मगच डिलीट करा, कारण नंतर ती हिस्ट्री मिळेलच असं नाही अन् रिटर्न भरताना प्रत्येक विक्रीची तारीख अन् खरेदीची किंमत लागतेच.