इंग्लंडच्या सरकारी शाळेतले शब्द आणि शॉर्टफॉर्म, नव्याने आलेल्या मराठी आईबाबांसाठी

माझी मुलगी इयर २ मध्ये होती तेव्हा जुलैत तिचा रिपोर्ट आला, त्यात रायटिंगच्या पुढे लिहिलेलं डब्ल्यूटीएस, आणि खाली बारीक अक्षरात त्याचा अर्थ, वर्किंग टुवर्ड्स. मी वाचलं आणि मला बरं वाटलं, म्हटलं चला, पोरगी मेहनत करतेय. नोव्हेंबरमध्ये पॅरेंट्स इव्हनिंगला नवीन टीचर बोलल्या तेव्हा कळलं की त्याचा अर्थ आहे वयाच्या मानाने जेवढं यायला हवं त्याच्या खाली. चार महिने गेले मधे, सगळी उन्हाळ्याची सुट्टी गेली, आणि आम्ही घरी लिहिण्याचा काहीही सराव घेतला नाही कारण आम्हाला वाटत होतं सगळं छान चाललंय. म्हणून हे लिहितेय, तुमचं असं होऊ नये. हे सगळं फक्त इंग्लंडचं आहे बरं का, स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडची पद्धत वेगळी आहे.

सगळ्यात आधी ओळखीचे शब्द बघा, कारण अनोळखी शब्द आपण गुगल करतो, ओळखीचा शब्द करत नाही आणि तिथेच फसतो. पब्लिक स्कूल म्हणजे इकडे सरकारी नाही, उलट ईटन, हॅरो असल्या जुन्या, भरपूर फी घेणाऱ्या खाजगी शाळा. सरकारी शाळेला स्टेट स्कूल म्हणतात. अकॅडमी म्हणजे कोचिंग क्लास नाही, ती पण सरकारी पैशावर चालणारी फुकट शाळाच, फक्त कौन्सिलच्या ऐवजी एका ट्रस्टच्या हाताखाली, आणि असा ट्रस्ट बऱ्याच शाळा चालवत असेल तर त्याला मॅट म्हणतात, मल्टी अकॅडमी ट्रस्ट. फ्री स्कूल हा त्यातलाच एक नवीन प्रकार, बाकीच्या स्टेट शाळांना फी असते असा त्याचा अर्थ नाही. रिसेप्शन म्हणजे ऑफिसचा काउंटर नाही, शाळेचं पहिलं वर्ष. गव्हर्नर म्हणजे राज्यपाल नाही, शाळेवर देखरेख करणाऱ्या मंडळाचे बिनपगारी सदस्य, त्यात पालकही असतात. फॉर्म ट्यूटर म्हणजे शिकवणी घेणारा नाही, सेकंडरीतला वर्गशिक्षक. आणि सॅट्स म्हणजे अमेरिकेची कॉलेज प्रवेशाची परीक्षा नाही, त्यावर पुढे येतेच.

आता आपलं मूल कुठल्या इयरमध्ये जाणार हे कसं काढायचं. सोपा हिशोब आहे, शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होते, त्याच्या आधीच्या ३१ ऑगस्टला मुलाला किती वर्षं पूर्ण झाली ते बघा आणि त्यातून ४ वजा करा. २० ऑगस्ट २०१९ चा जन्म असेल तर ३१ ऑगस्ट २०२५ ला ६ पूर्ण, म्हणजे सप्टेंबर २०२५ पासून इयर २. पण ५ सप्टेंबर २०१९ चा जन्म असेल तर त्याच दिवशी ५ च पूर्ण, म्हणजे इयर १. सोळा दिवसांच्या फरकाने एक आख्खं वर्ष पुढे मागे. उत्तर शून्य आलं तर रिसेप्शन. इथे इयर १ आणि आपली पहिली एकच असं धरू नका, साधारण इयर २ च्या वयाला आपली पहिली येते. आणि तिकडे दुसरी झालीये म्हणून इकडे पुढच्या वर्गात घाला असं चालत नाही, वयावरच वर्ग ठरतो. नापास करून मागे ठेवायची पद्धतही जवळजवळ नाहीच. १ एप्रिल ते ३१ ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांना समर बॉर्न म्हणतात, त्यांच्या पालकांना एक वर्ष उशिरा रिसेप्शनला घाला अशी विनंती करता येते, मंजूर होईलच असं नाही.

या इयरचे पुन्हा गठ्ठे आहेत. रिसेप्शनपर्यंत सगळं ईवायएफएस, अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज. मग इयर १ आणि २ म्हणजे केएस १, के एस म्हणजे की स्टेज. ३ ते ६ केएस २, ७ ते ९ केएस ३, १० आणि ११ केएस ४, तिथे जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा. १२ आणि १३ म्हणजे सिक्स्थ फॉर्म, ए लेव्हल्स, म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षा, तिथे होतात. प्रायमरी इयर ६ ला संपते, सेकंडरी इयर ७ पासून, काही भागात इन्फंट आणि ज्युनिअर अशा दोन वेगळ्या शाळा असतात आणि तेव्हा इयर ३ साठी पुन्हा वेगळा अर्ज करावा लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही.

ॲडमिशन. इथे जरा थांबून वाचा कारण घर कुठे घ्यायचं तेही यावरच ठरतं. अर्ज शाळेत नाही, आपण राहतो तिथल्या एलएकडे करायचा, एलए म्हणजे लोकल अथॉरिटी, आपण ज्याला कौन्सिल म्हणतो तेच. सेकंडरीसाठी शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर आणि उत्तर १ मार्चला, प्रायमरीसाठी १५ जानेवारी आणि उत्तर १६ एप्रिलला. भारतातून वर्षाच्या मधेच आलात तर तो इन-इयर अर्ज, त्याला या तारखा लागू नाहीत, कौन्सिलच्या साइटवर बघा कुठे भरायचा, काही ठिकाणी थेट शाळेकडेच असतो. व्हिसावर नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, असं लिहिलेलं असतं ते बघून लोक घाबरतात की मुलाला सरकारी शाळेत घालता येईल की नाही. येतं. शाळेचं शिक्षण त्या पब्लिक फंड्समध्ये मोजत नाहीत, निर्धास्त राहा.

पीएएन म्हणजे त्या वर्षाला किती मुलं घेणार तो जाहीर आकडा. त्याच्याहून जास्त अर्ज आले की ओव्हरसब्स्क्रिप्शन क्रायटेरिया लागतात, म्हणजे कुणाला आधी घ्यायचं तो क्रम. कौन्सिलच्या सांभाळातली मुलं सगळ्यात वर, मग बहुतेक शाळांमध्ये सिब्लिंग म्हणजे त्याच शाळेत भाऊबहीण असलेली, मग अंतर, आणि चर्चच्या शाळा असतील तर मधे धर्माचा निकष. कॅचमेंट म्हणजे शाळेचा ठरवलेला परिसर, पण प्रत्येक शाळेला तो असतोच असं नाही, कित्येक ठिकाणी फक्त घरापासून शाळेपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर मोजतात. म्हणून एजंट सांगतो की घर कॅचमेंटमध्ये आहे तेव्हा त्यावर विसंबू नका, शाळेचं ॲडमिशन पॉलिसी काढा आणि मागच्या वर्षी शेवटच्या मुलाला किती अंतरावरून जागा मिळाली तो आकडा शोधा, बहुतेक कौन्सिल तो देतात. व्हीए असं लिहिलेली शाळा म्हणजे व्हॉलंटरी एडेड, बहुतेक चर्चची, तिथे कौन्सिलच्या अर्जासोबत एसआयएफ नावाचा जादा फॉर्म अनेकदा थेट शाळेला द्यावा लागतो.

प्रेफरन्स भरताना एक मोठा गैरसमज, की पहिल्या नंबरवर लिहिलं तर शाळा आपल्याला जास्त मान देते. नाही देत. इक्वल प्रेफरन्स अशी पद्धत आहे, शाळेला तुम्ही तिला कितव्या नंबरवर टाकलंय ते धरताच येत नाही, ती फक्त निकष बघते, आणि एकापेक्षा जास्त शाळांत बसलात तर तुमच्या यादीतली सगळ्यात वरची मिळते. म्हणून जी खरोखर हवी ती वर लिहा, आणि सगळ्या जागा भरा, लंडनमध्ये ६ मिळतात, इतर ठिकाणी कमीत कमी ३, त्यातली एक तरी अशी ठेवा जी अंतराने नक्की मिळेल. एकच शाळा लिहून बाकीचं रिकामं ठेवलं की ती नाही मिळाली तर कौन्सिल जिथे जागा उरली असेल तिथे टाकतं, आणि ती बहुतेक लांब असते. नंतर वेटिंग लिस्ट असते, त्यात आपला नंबर खालीही जाऊ शकतो कारण आपल्यापेक्षा जवळ राहायला आलेलं मूल वर जातं. अपील करता येतं, पण रिसेप्शन, इयर १, इयर २ मध्ये एका टीचरमागे ३० मुलांची कायद्याची मर्यादा आहे, तिथे अपील जिंकणं फार अवघड.

ग्रामर स्कूल हे अजून एक प्रकरण. इंग्लंडमध्ये फक्त १६३ आहेत, सरकारीच, फुकट, पण इलेव्हन प्लस परीक्षा देऊन प्रवेश. परीक्षा साधारण इयर ६ च्या सुरुवातीला म्हणजे सप्टेंबरात होते आणि नाव नोंदवायचं असतं बऱ्याचदा इयर ५ संपताना, त्यामुळे इयर ६ मध्ये जाऊन चौकशी केली तर वेळ गेलेली असते.

ऑफस्टेड म्हणजे शाळांची तपासणी करणारी सरकारी संस्था. आधी एका शब्दात निकाल द्यायचे, आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट, इनॅडिक्वेट, तो एका शब्दाचा निकाल सप्टेंबर २०२४ पासून बंद झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून रिपोर्ट कार्ड आलं, त्यात प्रत्येक भागाला वेगळा शेरा. तरी शाळेच्या कुंपणावर आउटस्टँडिंगचा बॅनर अजून दिसेल, तेव्हा त्याची तारीख आधी बघा. माझं प्रामाणिक मत सांगते, रिपोर्ट वाचा, पण दुपारी शाळा सुटताना गेटवर वीस मिनिटं उभं राहून मुलांचे चेहरे बघितले की जास्त कळतं.

आता अभ्यास आणि परीक्षा. रिसेप्शनमध्ये फोनिक्स सुरू होतं, म्हणजे अक्षराचं नाव नाही, आवाज. आपल्याला हे अवघड जायला नको खरं तर, आपण क ला क च म्हणतो. दोन अक्षरांचा मिळून एक आवाज झाला की डायग्राफ, तीन अक्षरांचा एक आवाज म्हणजे ट्रायग्राफ, आणि मेक, केक यांच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा ई जो स्वतः गप्प राहून आधीच्या ए चा आवाज बदलतो तो स्प्लिट डायग्राफ. इयर १ च्या जूनमध्ये फोनिक्स स्क्रीनिंग चेक, ४० शब्द, त्यातले २० खरे आणि २० मुद्दाम बनवलेले बिनअर्थाचे, त्यांना मुलं एलियन वर्ड्स म्हणतात. चांगलं वाचणारी मुलं इथे चुकतात कारण ती त्या शब्दाला सुधारून ओळखीचा शब्द वाचतात, म्हणून घरी आधी सांगून ठेवा की जसं लिहिलंय तसंच वाच. नाही जमलं तर इयर २ मध्ये परत होते.

इयर ४ ला एमटीसी, मल्टिप्लिकेशन टेबल्स चेक, १२ पर्यंतचे पाढे, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. आपली मुलं बे एके बे, बे दुणे चार असं सुरात म्हणतात आणि आपल्याला वाटतं झालं पाठ. पण तिथे एकदम ७ गुणिले ८ विचारतात आणि मूल सात एके सात पासून सुरू करतं, तेवढ्यात वेळ संपतो. उलटसुलट विचारून घ्या, भाजी चिरताना, गाडीत, कुठेही.

इयर ६ च्या मे महिन्यात सॅट्स, रीडिंग, मॅथ्स आणि स्पॅग, म्हणजे स्पेलिंग, पंक्चुएशन, ग्रामर. मार्क स्केल्ड स्कोअरमध्ये येतात, ८० ते १२०, आणि १०० म्हणजे अपेक्षित पातळी. आपण १२० पैकी १०० म्हणजे भारी मार्क असं वाचतो, तसं नाहीये ते, जेमतेम अपेक्षेइतकं. रिपोर्टमधले शेरे: डब्ल्यूटीएस अपेक्षेच्या खाली, ईएक्सएस अपेक्षेइतकं, जीडीएस म्हणजे ग्रेटर डेप्थ, त्याच्या वर. प्रत्येक शाळा हेच शब्द वापरेल असं नाही, तेव्हा टीचरला सरळ विचारा, वयाच्या मानाने ती कुठे आहे, खाली, बरोबर की वर. एवढं विचारलं की गोड भाषेतलं उत्तर बाजूला राहतं. जीसीएसईला ग्रेड ९ ते १, ९ सगळ्यात वरची, ४ म्हणजे स्टँडर्ड पास, ५ स्ट्राँग पास, आणि इंग्लिश किंवा मॅथ्समध्ये ४ पेक्षा कमी आलं तर १६ नंतरही तो विषय सोडता येत नाही.

मुलाच्या नावापुढे ईएएल दिसलं तर घाबरू नका, घरी इंग्लिश सोडून दुसरी भाषा आहे एवढाच अर्थ. त्यासाठी घरी मराठी बंद करू नका, प्लीज. सेन किंवा सेंड म्हणजे शिकण्यात जास्तीची मदत लागते, त्याचं काम बघणाऱ्या शिक्षकाला सेन्को म्हणतात. आपल्यात सेन्कोचा मेल आला की लोक नातेवाइकांपासून लपवतात, मीटिंगला जायचं टाळतात, आणि त्यात मुलाचं वर्ष जातं. तो शिक्का नाही, तिथूनच मदत सुरू होते. आधी सेन सपोर्ट, म्हणजे शाळा स्वतः जे करते ते. त्याने पुरलं नाही तर ईएचसीपी, हा कायदेशीर प्लॅन कौन्सिल देतं, मागणी पालक स्वतः करू शकतात, शाळेची वाट बघायची गरज नाही, आणि मागणीपासून अंतिम प्लॅनपर्यंत २० आठवड्यांची मुदत आहे. सेंडियास नावाची फुकट सल्ला देणारी सेवा प्रत्येक भागात असते, फॉर्म भरायच्या आधी त्यांच्याशी बोला.

रिसेप्शन, इयर १, इयर २ ला जेवण सगळ्यांना फुकट, २०१४ पासून, लंडनच्या सरकारी प्रायमरीत इयर ६ पर्यंत. पुढे एफएसएम, म्हणजे फ्री स्कूल मील्स, घरच्या उत्पन्नावर. इन्सेट डे म्हणजे शाळेत शिक्षक असतात, मुलांना सुट्टी, वर्षात ५, वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लिहून टाका. हाफ टर्म म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी. टीए वर्गातली मदतनीस टीचर, डीएसएल म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेली व्यक्ती, पीएसएचई म्हणजे आरोग्य, नाती, पैसा असे जगण्याचे विषय.

शेवटचं, गैरहजेरी. अर्धा दिवस म्हणजे एक सेशन. १० शालेय आठवड्यांत १० सेशन, म्हणजे ५ दिवस, परवानगीशिवाय बुडवले की दंड येऊ शकतो, आणि तो दर पालकाला, दर मुलामागे असतो. २१ दिवसांत भरला तर ८० पाउंड, नाहीतर २८ दिवसांत १६०. आई, बाबा आणि दोन मुलं म्हणजे लवकर भरूनही ३२० पाउंड. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर त्याच मुलासाठी थेट १६०. तिकीट स्वस्त आहे किंवा भाचीचं लग्न आहे म्हणून हेड, म्हणजे मुख्याध्यापक, सुट्टी देतील असं धरू नका, ते फक्त अपवादात्मक कारणाला देतात. पण दिवाळीच्या दिवसासाठी हजेरीत वेगळा कोड आहे, आर, रिलिजस ऑब्झर्व्हन्स, ती अधिकृत रजा धरतात, दंडात मोजत नाहीत. त्यासाठी आधी लेखी कळवावं लागतं. मी दर सप्टेंबरात दोन ओळींचा मेल पाठवते, मुलाचं नाव, वर्ग, लक्ष्मीपूजनाची तारीख आणि धार्मिक सण आहे म्हणून आर कोड लावावा अशी विनंती, आणि ऑफिसकडून हो आलं की तो मेल जपून ठेवते.