पीओपी लागायच्या आधी केबलचा हिशेब

बेळगावातलं शहापूर, टिळकवाडी, उद्यमबाग, इकडे खानापूर आणि तिकडे निपाणी, अशी २२ वर्षं मी ऑफिसांचं डेटा केबलिंग करतोय. मला फोन येतो तो बहुतेक वेळा पीओपीचा सांगाडा टांगून झाल्यावर. "या की, तेवढी वायर ओढून द्या, आठ दिवसांनी उद्घाटन हाय." तोवर भिंतीत पाइपासाठी पाडलेल्या झिऱ्या बुजलेल्या असतात, पाइप लाइटच्या वायरींनी भरलेले असतात आणि केबलला वाटच उरलेली नसते. कॉम्प्युटर पाच वर्षांत बदलतो, नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या केबली एकमेकींना जोडणारं यंत्र, सात-आठ वर्षांत. छतातली केबल मात्र १५-२० वर्षं तिथंच राहते. म्हणून प्लास्टरच्या आधी काय काय ठरवून घ्यायचं, ते मी कामाला लागतो त्या क्रमानं सांगतो.

आर्किटेक्टच्या नकाशाची झेरॉक्स घ्या आणि जिथं माणूस बसणार तिथं पेन्सिलीनं दोन टिंबं द्या. एक कॉम्प्युटरचं, एक फोनचं किंवा पुढं काय येईल त्याचं. मग छताकडं बघा: वायफाय, कॅमेरे. मग दाराकडं: हजेरीचं मशीन. ४० जणांचं ऑफिस धरलं तर माणसांचे ८०, वायफायच्या चार ठिकाणी दोन-दोन असे ८, कॅमेरे १०, प्रिंटर ३, हजेरी २. एकूण १०३. यावर वीस टक्के वाढ धरून पॅच पॅनेलची, म्हणजे केबलींची टोकं जिथं बसवतात त्या पट्टीची, जागा काढायची, म्हणजे १२४. पॅच पॅनेल २४ पोर्टचं येतं, तेव्हा सहा पॅनेल लागतील. वाढीव पोर्टांची केबल आज ओढायची गरज नाही, पण रॅकमध्ये (पॅनेल आणि स्विच बसवायचं लोखंडी कपाट) आणि छतातल्या केबलच्या ट्रेमध्ये त्यांची जागा आजच पाहिजे.

आता रॅकच्या खोलीचा विषय. इथं मी कुणाचंही ऐकत नाही, कारण एकदा ऐकलं होतं. एका पतसंस्थेच्या तीन मजली इमारतीचं काम होतं. "एका कपाटाला एवढी मोठी खोली कशाला पाहिजे ओ? जिन्याखाली जागा मोकळीच हाय की," असं चेअरमन म्हणाले आणि मी रॅक जिन्याखाली उभा केला. दुसऱ्या पावसाळ्यात झड लागली. आपल्याकडची झड म्हणजे सूर्य दिसत नाही आणि भिंती वाळत नाहीत. जोत्यातून ओल चढली. तक्रार आली म्हणून मी खालचं पॅनेल उघडलं, तर जिथं तारा पंच केल्या होत्या तिथं तांब्यावर हिरवट थर धरलेला. काउंटरवर पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी माणसं बाकड्यावर बसून होती आणि मशीन काही चालू होत नव्हतं. त्या दिवशी मी अडून बसायला पाहिजे होतं, हे अजून मनात आहे.

तेव्हा खोली मधल्या मजल्यावर घ्या, शक्यतो इमारतीच्या मध्यावर, आणि वर संडास-बाथरूम किंवा पाण्याची टाकी नाही हे डोळ्यांनी बघा. रॅकच्या पुढं आणि मागं माणूस वाकून काम करू शकेल इतकी, तीन-तीन फूट मोकळी जागा सोडा. आर्थिंगची पट्टी खोलीपर्यंत आणून घ्या, युपीएसची लाइन वेगळी घ्या. गारवा पाहिजेच, उन्हाळ्यात बंद खोलीत स्विच तापतात.

खोली मध्यावर का, याचं खरं कारण लांबी. भिंतीतली पक्की केबल, म्हणजे पॅनेलपासून टेबलाजवळच्या बॉक्सपर्यंतची, ९० मीटरच्या वर जाता कामा नये. दोन्हीकडच्या पॅच कॉर्डना, म्हणजे सुट्या जोडवायरींना, मिळून १० मीटर, एकूण १००. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं की फसगत होते. उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात पॅसेजनं मोजलेलं अंतर ८३ मीटर होतं. त्यात रॅकपासून वर ट्रेपर्यंत अडीच, ट्रेपासून खाली टेबलापर्यंत अडीच, रॅकमध्ये राखलेलं वेटोळं तीन, बॉक्समध्ये अर्धा. झाले साडेएक्याण्णव. दीड मीटरनं गेलं. तिथं त्या टोकाला भिंतीवर छोटा रॅक लावला आणि मधून फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, नेली. म्हणून टेप घेऊन स्वतः चाला, केबल जशी वळणार तसे वळा.

एका डब्यात ३०५ मीटर केबल असते. सरासरी ४० मीटरचा एक पॉइंट धरला, तर १०३ पॉइंटांना ४१२० मीटर, म्हणजे १४ डबे, असा हिशेब करणारे पुष्कळ. पण एका डब्यातून ४० मीटरचे सातच तुकडे पडतात, २५ मीटर उरतात. मध्ये सांधा चालत नाही. तेव्हा १५ डबे मागवा. उरलेलं जवळच्या पॉइंटांना वापरता येतं, पण हिशेबात धरू नका.

केबल कुठली? कॅट म्हणजे कॅटेगरी, केबलचा दर्जा. आज घालायची तर टेबलांना कॅट ६ पुरते, वायफायच्या जागी कॅट ६ए घाला. १० गिगाबिट वेग कॅट ६ वर फार तर ५५ मीटरपर्यंत मिळतो, ६ए वर पूर्ण १०० मीटर. डबा घेताना दुकानातच टोक सोला आणि चाकूच्या पातीनं तार खरवडा. आतून लाल राहिली तर तांबं. पांढरी चकाकी दिसली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, डबा परत द्या. असा डबा हाताला हलका लागतो, भावही कमी असतो. त्यावर कॅमेरे चढवले की, केबलमधूनच वीज जात असल्यामुळं, लांबच्या कॅमेऱ्याला व्होल्टेज पुरत नाही आणि तो रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडतो.

वाट ठरवताना लाइटच्या वायरीपासून फूटभर अंतर ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. लिफ्टच्या मोटरपासून लांब. केबल पीओपीच्या फळ्यांवर टाकू नका, ट्रे लावा, आणि पहिल्या दिवशी ट्रे चाळीस टक्क्यांच्या वर भरू नका. २५ मिलिमीटरच्या पाइपात चारच केबल, आणि दोन वळणांनंतर ओढायला बॉक्स. गोकाकचा आमचा अण्णा केबल ओढताना सारखा "निधान, निधान" करत असतो. म्हणजे कन्नडमध्ये सावकाश. केबलच्या आत आठ तारांच्या पीळ दिलेल्या चार जोड्या असतात; जोरानं हिसडा दिला की त्यांचा पीळ बिघडतो आणि बाहेरून काही दिसत नाही. गठ्ठा वेल्क्रोनं बांधा, २४ च्या वर नको. प्लॅस्टिकचा टाय करकचून आवळलेला दिसला की मी तो कापायला लावतो.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल कधीच नेऊ नका. एप्रिल-मेचा वळीव आणि त्याच्या विजा आपल्याला माहीत आहेत. तिथं फायबरच, आणि तिच्यात लोखंडी कवच असेल तर ते आर्थ करून. मजल्यामजल्यांमध्येही फायबर घाला, सिंगल मोड प्रकारची, १२ कोर, म्हणजे आत १२ तंतू असलेली.

पंचिंगकडं, म्हणजे तारा पॅनेलमध्ये आणि बॉक्समध्ये दाबून बसवण्याकडं, उभं राहून बघा. तारांच्या रंगांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नवा पोरगा हिरव्याशेजारी हिरवा लावून मोकळा होतो. दोन्ही टोकांना सारखंच लावलं तर साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण जोडी फुटलेली असते, म्हणजे एका जोडीच्या तारा वेगळ्या जोड्यांच्या जागी गेलेल्या असतात, आणि लाइन रखडते. पीळ १३ मिलिमीटरच्या वर उलगडू नये, नखाच्या रुंदीएवढा.

म्हणून दिव्यांच्या टेस्टरवर काम ताब्यात घेऊ नका. फ्लूक कंपनीच्या मशीनसारख्या केबल तपासणाऱ्या मशीननं प्रत्येक पॉइंटचा रिपोर्ट मागा: लांबी, जोड्यांमधली सिग्नलची गळती, सिग्नलचं परावर्तन. मी बिल रिपोर्टासोबतच देतो. तुम्हीही शेवटचा हप्ता त्याआधी सोडू नका.

लेबलं दोन्ही टोकांना, मशीनवर छापलेली. आपल्याकडं ऑफिसात निम्मी माणसं कन्नड वाचणारी, निम्मी मराठी; लेबलावर नावं नकोत, इंग्रजी अक्षर आणि आकडेच लिहा: मजला, पॅनेल, पोर्ट. त्याच आकड्यांचा नकाशा लॅमिनेट करून रॅकच्या दाराला आतून लावा, आणि नवीन पॉइंट निघाला की त्याच दिवशी त्यावर मार्करनं चढवा, तारखेसकट.